तिसरी तपासणी

थंडी तयार करणं हे माझं काम होतं, असं सांगितलं की समोरच्याला आधी बर्फाचा कारखाना आठवतो आणि मग आइस्क्रीम. दोन्ही नाही. ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आसपास जे मोजके मोठे कारखाने आले, त्यांत कृत्रिम धाग्याची एक गिरणी होती. तिथे मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. धाग्याला हवा नेमकी लागते. ती जरा कोरडी झाली, जरा तापली, की धागा तुटायला लागतो आणि एकदा तुटायला लागला की शेडमधल्या बायका-माणसांना गाठी मारून मारून रडू येतं. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी बाहेर उभं राहिलं तर चपलेचा पट्टा पायाला चटका देतो. तशा दिवसांत शेडमधली हवा नेमकी ठेवायची म्हणजे पाणी गार करायचं, त्या पाण्याच्या फवाऱ्यातून हवा काढायची आणि शेडमध्ये सोडायची. पाणी गार करणाऱ्या यंत्राला चिलर म्हणतात. त्याचा कॉम्प्रेसर बैलगाडीएवढा होता आणि तो फिरवणारी मोटर तीन हजार तीनशे व्होल्टची.

घरात वीज असते दोनशे तीस व्होल्टची. तीही माणूस मारते, पण पुष्कळांना सोडूनही देते. तीन हजार तीनशेची सोडत नाही. शिवाय तिला हात लावायचीही गरज नसते. जरा जास्त जवळ गेलं की तीच उडी मारून येते.

दुसऱ्या गिरण्यांत मोटर कायम पूर्ण वेगाने फिरे आणि गारवा कमी हवा असेल तेव्हा कॉम्प्रेसरचं तोंड आवळत. म्हणजे सायकलचं पायडल जोरात मारायचं आणि ब्रेकही दाबून धरायचा. आमच्या मालकांनी मोटरचा वेगच कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला होता. बाहेरून पाहिलं तर लोखंडाची सहा कपाटं एका रांगेत. कामगार त्याला कपाटच म्हणत. ‘आज कपाट बंद पडलं’ म्हटलं की सगळ्या गिरणीला कळे, आता घाम येणार.

पाच कपाटांत वीज सरळ करून हव्या त्या गतीने परत उलटसुलट करायचं काम चाले. त्यात ती थोडी गढूळ होई. ती गाळायला सहाव्या कपाटात कपॅसिटर होते, रॉकेलच्या डब्याएवढे, तीन-तीनच्या रांगांत. कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. बटण बंद केलं, मोटर थांबली, दिवे गेले, तरी त्या डब्यांत वीज बसलेली असते. ती आपोआप निथळून जावी म्हणून प्रत्येक डब्याच्या आत एक रेझिस्टर असतो, त्याला दहा मिनिटं लागतात. आम्ही पंधरा धरत असू. बंद केल्यावर पंधरा मिनिटं कपाटासमोर नुसतं उभं राहायचं. माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग कोणता असं कोणी विचारलं तर मी हीच पंधरा मिनिटं सांगेन.

ड्राइव्ह सुरू करून द्यायला कंपनीकडून पुण्याच्या एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. सव्वा महिना त्या रेस्ट हाउसवर राहिल्या. वय तिशीच्या आत, बोलणं कमी. पहिल्या दिवशी आमचे लोक त्यांच्याकडे बघायलाच जमले. त्यांनी कुलूप, फलक, रबरी हातमोजे, काट्याचा टेस्टर, तारेने जमिनीला जोडलेला अर्थिंगचा दांडा आणि मेगर असं सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाल्या, यातली एक वस्तू जरी सापडत नसेल तरी कपाट उघडायचं नाही. मेगर म्हणजे हँडल फिरवून वीज तयार करणारं एक छोटं यंत्र. ते कशाला, हे आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं की टेस्टर शून्य दाखवतो याचे दोन अर्थ असतात. वीज गेली, किंवा टेस्टर गेला. म्हणून आधी मेगर फिरवून त्याच्यावर टेस्टर लावायचा, काटा हलतो का पाहायचं. मग तो कपॅसिटरवर लावायचा. आणि मग पुन्हा मेगरवर लावायचा. तीन तपासण्या. तिसरीत काटा हलला तरच दुसरीतलं शून्य खरं. त्यानंतर अर्थिंगचा दांडा प्रत्येक डब्याला लावायचा आणि मगच हात आत घालायचा.

हे सगळं त्यांनी इंग्रजीत टाइप करून भिंतीवर लावलं. मी त्याचं मराठी करून शेजारी लावलं, कारण फिटर नामदेवनी ते मागितलं होतं.

नामदेव सावरगावचे. माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठे. आधी पांढुर्ण्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंजिन सांभाळत होते, कापसाच्या धुळीने आवाज कायमचा बसलेला. आठवडाभर लोधीखेड्याला खोली करून राहत आणि सुटीला घरी जात. मला ते वामनभाऊ म्हणत. माणूस कामाला पक्का, पण हळू. इतका हळू की माझ्यासारख्या तिशीतल्या डिप्लोमावाल्याला त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे शिक्षा वाटे. मराठी कागदावरची प्रत्येक ओळ ते मोठ्याने वाचत आणि मग ते काम करत. ‘कुलूप लावलं. चाबी खिशात.’ मग खिसा थोपटत. मी त्यांना एकदा म्हणालो की नामदेवजी, पाठ झालं असेल आता. ते म्हणाले, पाठ झालं म्हणूनच वाचून राहिलो.

कपाटांच्या खोलीला गारवा असे, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे पाहुणे फार. अकाउंट्सचे एक बाबू दुपारचा डबा खाऊन चौथ्या कपाटाला टेकून डुलक्या काढताना सापडले, तेव्हापासून खोलीला कुलूप आलं. एका दसऱ्याला कोणीतरी हौसेने सहाव्या कपाटाच्या जाळीवर हार घातला, जरीचे गोंडे लावलेला. जर म्हणजे धातूची तार, आणि एक गोंडा पंख्याच्या ओढीने जाळीतून आत गेला होता. नामदेवनी तो पाहिला, ड्राइव्ह बंद करायला लावला, कागदावरची ओळन् ओळ वाचत सगळ्या तपासण्या केल्या आणि मगच हार काढला. ते स्वतः दर महिन्याला जामसांवलीच्या हनुमानाला जाणारे. हार घालणाऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं की देव बाहेर ठेव, इथे फक्त वीज राहते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी पांढुर्ण्याकडची माणसं कामावर येत नाहीत, गोटमार असते, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. रजेचा अर्ज कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. अर्धी गिरणी रिकामी असते आणि उरलेल्या अर्ध्याने सगळं चालवायचं असतं. नामदेव मात्र आले होते. सावरगावचा माणूस आज इथे कसा, असं सगळ्यांनी त्यांना विचारून झालं होतं. जवान होतो तवा गेलो, आता घरात बसून गलका आयकण्यापेक्षा इथं बरं, असं ते प्रत्येकाला सांगत होते.

पाऊस थांबून चार दिवस झाले होते आणि हवेत वाफ होती. अकराच्या सुमाराला कपाट बंद पडलं. पॅनेलवरच्या दिव्यांवरून कळत होतं की सहाव्या कपाटातला एक फ्यूज उडाला आहे. फ्यूज बदलायचं काम पाऊण तासाचं, त्यातली पंधरा मिनिटं उभं राहण्याची. मी मुख्य ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, अर्थिंगचा मोठा स्विच टाकला. त्या स्विचने सहाव्या कपाटातली मुख्य पट्टी जमिनीला जोडली जाते. तोवर प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन आला. श्रीवास्तव त्यांचं नाव, भोपाळकडचे, वाईट माणूस नव्हे. शेडमध्ये धागे तुटायला लागले होते आणि गाठी मारायला माणसं अर्धीच होती. कितना टाइम, त्यांनी विचारलं. मी चाळीस मिनिटं सांगितली. दहा मिनिटांनी ते स्वतःच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, बोलले नाहीत, फक्त घड्याळ बघत राहिले. कोणी ओरडलं असतं तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. न बोलता घड्याळ बघणाऱ्याला काय उत्तर देणार?

पंधरा मिनिटं झाली. नामदेवनी मेगर फिरवला, मी टेस्टर लावला, काटा हलला. पहिली तपासणी झाली. कपाटाचं दार उघडलं. उडालेल्या फ्यूजच्या मागच्या डब्यावर मी टेस्टर लावला. शून्य. दुसरी झाली. मी टेस्टर बाजूला ठेवला, फ्यूज काढायला हातमोज्याची अडचण होत होती म्हणून उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात आत घातला.

माझ्या मनगटावर नामदेवचा हात पडला. पकड इतकी घट्ट होती की मी चिडलो. ते कुजबुजल्यासारखं बोलले, त्यांचा आवाजच तेवढा होता.

‘‘तिसरं राह्यलं.’’

‘‘नामदेवजी, मोठा स्विच टाकला आहे. सगळं अर्थ झालं आहे. सोडा.’’

‘‘तिसरं राह्यलं, वामनभाऊ.’’

त्यांनी हात सोडला नाही. तसाच माझा हात कपाटाबाहेर आणला आणि मग मेगर उचलला. श्रीवास्तव दारातून बघत होते, पण त्यांच्याकडे माझी पाठ होती आणि आम्ही दोघं काय करतो आहोत हे त्यांना दिसत नव्हतं. मी रागारागाने टेस्टर लावला. नामदेवनी हँडल फिरवलं. काटा हलला नाही.

त्यांनी जोराने फिरवलं. काटा तसाच. मी टेस्टरची वायर हातात घेऊन वाकवून पाहिली. मधोमध एका जागी ती आतून तुटलेली होती, वरचं रबर शाबूत. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मध्ये, दार उघडताना ताण बसून, ती तुटली होती.

मी मोजा परत घातला. अर्थिंगचा दांडा घेतला आणि लांबून त्या डब्याला टेकवला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि निळा जाळ दिसला. दांड्याच्या पितळी टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. दारातून श्रीवास्तव म्हणाले, ‘‘ये क्या था?’’ मी दांडा पुन्हा त्याच डब्याला टेकवला.

काय झालं होतं ते नंतर नीट कळलं. त्या डब्याच्या आतला रेझिस्टर तुटला होता, त्यामुळे वीज निथळली नव्हती. आणि फ्यूज उडाल्यामुळे तो डबा मुख्य पट्टीपासून वेगळा पडला होता, त्यामुळे मोठ्या स्विचचा त्याला काहीच उपयोग नव्हता. बाकीचे डबे रिकामे होते, तो एकटा भरलेला होता, आणि माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर पोचला होता.

आम्ही डबा बदलला, फ्यूज बदलला, दुपारी एक वाजता चिलर सुरू झाला. नामदेव नेहमीसारखी प्रत्येक ओळ वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट इंग्रजीत लिहायची पद्धत होती आणि इंग्रजीत एक सोय आहे, कोणी केलं हे न सांगता काय झालं ते सांगता येतं. तिसऱ्या तपासणीत टेस्टर बंद असल्याचे आढळले, असं मी लिहिलं. आढळलं कोणाला, ते नाही. मोजा काढला होता, तेही नाही. खोटं एकही वाक्य नव्हतं. लिहिताना मला वाटत होतं की मोजा काढल्याचं कबूल केलं तर नोकरीवर येईल आणि नामदेवचं नाव घ्यायचं तर त्यांनी काय केलं ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर मोज्याचंही येईल. म्हणून सगळंच गाळलं. हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी फक्त लवकर सही करून मोकळा झालो.

त्यापुढचं आपोआप होत गेलं. तपासणी करणारा सुपरवायझर मी, त्यामुळे आढळलं ते मलाच, असं वरच्यांनी धरलं. आठवड्याने नोटीस बोर्डावर हिंदीत कागद लागला की विद्युत सुपरवाइजर की सतर्कता से बड़ी दुर्घटना टल गई. सुरक्षेच्या मीटिंगमध्ये मला पुढे बोलावून टाळ्या झाल्या आणि एक थर्मास मिळाला. नामदेव मागच्या रांगेत उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी वीज, पाणी, गारवा सांभाळणाऱ्या युटिलिटी विभागाचा फोरमन नेमायचा होता, तो मी झालो.

नोटीस लागली त्या दिवसापासून नामदेव मला साहेब म्हणायला लागले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी नुसतं एक नातं काढून दुसरं ठेवलं होतं. पूर्वी चहा एका कपातून दोन बशांत होई, आता ते बाहेर पिऊन येत. काम तसंच चोख. तिसरी तपासणी झाली की माझ्याकडे वळून म्हणत, ‘‘पाह्यलं न, साहेब?’’ आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढची ओळ वाचत नसत. ते हो म्हणणं मला दर वेळी जड जाई.

मी सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा श्रीवास्तवसाहेबांच्या केबिनपर्यंत गेलो आणि तेलाच्या ड्रमांचं बोलून परत आलो. दुसऱ्यांदा सावरगावला नामदेवच्या घरी लग्नाला गेलो होतो, तिथे मांडवात इतकी माणसं होती की ते कारण मला पुरलं.

दोन वर्षांनी त्यांची मुदत भरत आली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी कपाटाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पंधरा मिनिटं मोजत उभे होतो. त्या पंधरा मिनिटांत कुठे जाताही येत नाही. मी म्हणालो की त्या नोटिशीचं माझ्या मनात आहे, मी साहेबांना खरं सांगून ती बदलायला लावतो.

नामदेव घड्याळाकडेच बघत म्हणाले, ‘‘आता कायले? ते तं केवाच फाडून टाकली.’’

मी म्हटलं, तरी. तुमचं नाव यायला हवं होतं.

‘‘माहं नाव आलं असतं तं लोकं म्हणले असते, बुढ्याले सवयच हाय. तुमचं आलं म्हणून सारे इंजिनिअर लोकं तिसऱ्यांदा पाहून राहिले. ते बरंच झालं.’’ ते पुढे म्हणाले, ‘‘पन तुमी मले आधी सांगाले पायजे होतं. नोटिस लागाच्या आधी. मी बोर्डावर वाचलं, चार लोकांत. तवा वाटलं मले.’’

दोन वर्षांत ते पहिल्यांदा त्याबद्दल बोलले होते. मला माफी मागायची होती, पण तो शब्द आमच्या दोघांच्या बोलण्यात कधी आला नव्हता आणि तेव्हाही आला नाही. मी विचारलं की आता मी काय करू?

‘‘लिहा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचं ते रजिस्टर हाय न. त्याच्यात लिहा. मी आहो तवर.’’

कपाट उघडण्याच्या परवानगीचं रजिस्टर तिथेच टेबलावर असे. कोण आलं, कधी उघडलं, काय केलं, सगळं इंग्रजीत. मी मागची पानं चाळून पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद काढली. तिच्याखाली दोन बोटं जागा होती. नामदेवना वाचता यावं म्हणून मराठीत लिहिलं, की या दिवशी मी तिसरी तपासणी न करता हात आत घातला होता, मोजा काढलेला होता, आणि फिटर नामदेव यांनी तपासणी करण्याचे सुचवले. खाली सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवत, नेहमीसारखं मोठ्याने, त्या बसलेल्या आवाजात वाचलं. शेवटच्या शब्दाशी बोट थांबलं.

‘‘सुचवलं नाई म्या,’’ ते म्हणाले. ‘‘हात धरला.’’

मी पेन परत घेतलं. ‘तपासणी करण्याचे सुचवले’ हे शब्द खोडले आणि त्यांच्या वर लिहिलं, ‘हात धरला’. नामदेवनी तेही वाचून पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले की पंधरा मिनिटं होऊन गेली, मेगर घ्या.